सुमनताईंचा हात

पत्रकार म्हणून पुढाऱ्यांशी जन्मभर भांडलो, पण कोन गावच्या त्या वीटभट्टीवाल्यासमोर माझी बोबडी वळली. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. पनवेलच्या सुमनताई घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायच्या. या भट्टीवाल्याने त्यांचं दोन महिन्यांचं बिल थकवलं होतं, म्हणून मी तावातावाने सोबत गेलो. आत शिरताच त्याच्या माणसांनी दार लावून घेतलं.

"पेपरवाला आनलास काय गो? आदी सुई दे, मंग पैशांचं बोल," असं गुरकावून तो पालथा झोपला.

ताईंनी सुई भरली. त्याने मान वळवून पाहिलं, तर सुई लटलटत होती.

"थांब गो बाय! आदी पैसे घे, पन हात सरल ठेव!"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, नाटक झकास केलंत."

"नाटक?" त्यांनी नोटा धरलेला हात पुढे केला. तो अजून थरथरत होता.