उलटं बसायची खुर्ची

मंडळी, ऐका. हौसाबाई गेल्याचं कळलं, तेव्हा भिवाजी परिटांच्या समोर टेबलावर एक पांढरा शर्ट होता. एक बाही झाली होती, एक राहिली होती. हौसाबाई चार दिवस माहेरी गेलेल्या. तिकडून मेव्हण्याचा फोन आला — "दाजी, आक्का ऱ्हायली नाही. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईस्तोवर..." भिवाजी म्हणाले, "बरं." फोन ठेवला. आणि दुसरी बाही केली!

नावं ठेवू नका. इस्त्री तापलेली होती. तापलेली इस्त्री समोर असली की माणूस काय करतो? बाही करतो.

आता मला सांगा — दुसऱ्याचं करणं अवघड, की दुसऱ्याकडून करून घेणं अवघड? काय म्हणता काका? करणं अवघड? बरं. भिवाजींनाही तसंच वाटायचं.

विट्याला बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान. एकतीस वर्षं हौसाबाई कपड्यावर पाणी शिंपडायच्या, हे इस्त्री फिरवायचे, त्या घडी घालायच्या. आता शिंपडणारं कुणी नाही, घडी घालणारं कुणी नाही. तशात लोकांनी चुरगळत नाहीत असले कपडे घेतले. भिवाजी दिवसभर दुकानात हात मांडीवर ठेवून बसू लागले. पुतणी वैजयंता एक दिवस म्हणाली, "आप्पा, हाताला काहीतरी काम द्या. खुर्चीवरच्या मालिशचा वर्ग निघालाय, वीस दिवसांचा. शिकलेल्यांना जत्रेत, प्रदर्शनात काम मिळतं."

"खुर्चीवर मालिश? आणि तेल?"

"तेल नाही. अंगातले कपडेसुद्धा काढायचे नाहीत!"

बघा! आपल्याकडं मालिश म्हणजे सतरंजी, वाटीभर तेल, आणि घरच्यांची ओरड — उशीला हात लावू नका! इथं काही नाही. खुर्चीही अशी की उलटं बसायचं. छाती गादीला टेकवायची, गुडघे खाली फळीवर, आणि तोंड एका गोल कड्यात घालायचं. डोळ्यांना दिसते फक्त जमीन. पाठीशी कोण आहे, दिसत नाही. आणि पाठीशी जो आहे, त्याला तुमचं तोंड दिसत नाही. पंधरा मिनिटं पाठ, मान, खांदे दाबायचे, झालं.

शिकवायला नर्मदा सिस्टर. तीस वर्षं दवाखान्यात नोकरी केलेली बाई. पहिल्या दिवशी भिवाजींनी एका पोराच्या पाठीवर हात फिरवला — असा फिरवला, असा फिरवला, की सिस्टर जवळ येऊन बघायला लागल्या. म्हणाल्या, "भिवाजीराव, शर्ट झकास झालाय. एक सुरकुती नाही. आता आतल्या माणसाला हात लावा!"

पखवाजवाले हसतायत. हसा. पण भिवाजी शिकले हो! आठ दिवसांत हात बसला. दर दोन मिनिटांनी विचारायचं असतं, "दाब बरा आहे का?" — तेही विचारू लागले. सगळ्या वर्गात त्यांच्या खुर्चीपुढं रांग.

अडलं ते भलतीकडं. वर्गाचा नियम असा — दुपारपर्यंत दुसऱ्याची पाठ दाबायची, दुपारनंतर आपण बसायचं. भिवाजी बसेनात! पहिल्या दिवशी म्हणाले, "आज उपास आहे." दुसऱ्या दिवशी, "जेवण जड झालंय." मग पायाला मुंग्या. मग खोकला. एकदा म्हणाले, "माझं राहू द्या, दाबणारी पोरगी दमली असेल." पोरगी म्हणाली, "मी नाही दमले." तरी नाही!

विसाव्या दिवशी परीक्षा. पास होईल त्याला बिल्ला, आणि बिल्ला असेल त्यालाच विट्याच्या कृषी प्रदर्शनात काम. सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. म्हणाल्या, "हात उत्तम. पण जो स्वतः या खुर्चीत बसला नाही, त्याला मी दुसऱ्याच्या पाठीला हात लावू देत नाही. दाब कसा लागतो, ते बसल्याशिवाय कळत नाही. बसा."

भिवाजी पुढं झाले. एक गुडघा टेकवला. छाती टेकवली. तोंड काही कड्यात घालवेना.

"काय झालं?"

"सिस्टर, ती रोज म्हणायची. दुकान बंद केलं की कोंडा गरम करून फडक्यात बांधायची. म्हणायची, अहो, जरा पालथे पडा, पाठ शेकते. मी म्हणायचो, राहू दे, तू पण दमलीस."

"रोज?"

"रोज. मग ती ते गाठोडं चुलीजवळ ठेवून द्यायची. मला वाटायचं, मी तिला आराम देतोय."

"आणि तिला काय वाटायचं?"

"विचारलं नाही."

भिवाजी उठले. बिल्ला मिळाला नाही! तुम्हाला वाटलं असेल, बाईला दया येईल. नियम तो नियम. पण म्हणाल्या, "प्रदर्शनाला या. खुर्च्या मांडायला माणूस लागतो."

गेले. खुर्च्या मांडल्या. माणूस उठला की कड्यावरचा पातळ कागद काढायचा, नवा लावायचा. काही कागद ओले निघत. भिवाजी घडी करून टाकून देत. कुणाला काही विचारत नसत.

दुपारी एक जोडपं आलं. बाई बसल्या, उठल्या, मान हलवून बघितली, म्हणाल्या, "अहो, तुम्ही पण बसा की! सकाळपासून पिशव्या उचलताय." नवरा दोन्ही हातांत पिशव्या धरून उभा. "माझं राहू दे."

भिवाजी कागद बदलत होते. थांबले. म्हणाले, "पावणं, बसा."

"तुम्ही बसलायसा का कधी?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

"म्हणून तर सांगतोय," भिवाजी म्हणाले, आणि त्याच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या. तो माणूस काय समजायचं ते समजला. बसला. त्याची बायको समोरच्या स्टुलावर बसून बघत राहिली. मंडळी, पाठ त्याची दाबली, आणि चेहरा हिचा सुटला!

आता काका, सांगा, काय अवघड? तुम्ही इथं पंगतीत दोनशे माणसांना वाढता. वाढता ना? पाठ मोडेस्तोवर वाढता. आणि शेवटी कुणी म्हटलं, बसा, आता तुम्हाला वाढते, तर काय म्हणता? "माझं राहू द्या, मी घेतो." पुण्य मिळवायचं सगळं काम आपल्याकडं ठेवायचं, आणि दुसऱ्याच्या हाताला थोडंही मिळू द्यायचं नाही! आज प्रसाद स्वतः घेऊ नका. शेजारच्याच्या हातून घ्या. तो वाढेल तेवढा घ्या. घरी कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर "राहू दे" म्हणू नका. प्या.

भिवाजी आजही प्रदर्शनांत खुर्च्या मांडतात. सिस्टरांनी त्यांचा बिल्ला ठेवून दिलाय. ते खुर्चीत अजून बसलेले नाहीत.