भावी जावयाचा हात का थरथरला?

…आता पोहे खाऊन राह्यलेल्या पाव्हण्याच्या हाताकडं असं डोळे फाडून बघतात का? पण आमचे हे! तुम्हाला सांगते, हे जालन्याच्या एमआयडीसीत लॅबमध्ये कामाला हायेत. पिकावर फवारायची औषधं उंदरांना द्यायची आन् बघत बसायचं… चालतो कसा, दांडी घट्ट धरतो का, टाळी वाजवली की दचकतो का… म्हंजे औषध मेंदूवर, नसांवर चढलं का ते कळतं. उंदराला हातात घेतात तेबी तान्ह्या लेकरासारखं! चांगलं हाय. पण लॅबचं लॅबमध्ये ठेवावं की न्हाई माणसानं?

कुंभार पिंपळगावाहून शेती करणारा पोरगा, भारत, आल्ता, आमच्या अक्षताला बघायला, संगं त्याची आई दुर्गाबाई. आमची पोरगी तर फोटो बघूनच खूश! तिनं बशी दिली आन् पोराचा हात लागला थरथरायला… शेव सगळी खाली! हे सावध. "फवारणी कधी केली?" "प… परवा." "तोंडाला फडकं बांधलं व्हतं?" दुर्गाबाई म्हणे, "अहो, एकदम निरोगी हाय आमचं पोरगं!" "तुम्ही सांगू नका, मला बघू द्या!" अहो, लॅबचं लॅबमध्ये…!

मंग काय! "जरा चालून दाखवा." "माझं बोट दाबा, घट्ट!" डोळ्यात मोबाईलची बत्ती! दुर्गाबाई लालेलाल. "चालून पोरीनं दाखवायचं असतं, आमच्या पोरानं न्हाई!" पदर खोचून उठल्याच की बाई… मला वाटलं, गेलं स्थळ! अक्षता रडत आत पळाली…

आन् ती आत गेली तसा पोराचा हात थांबला. बिलकुल गप! ह्यांनी हाक मारली, "अक्षता, पाणी आण." आली… थरथर चालू. "जा आत." बंद. "ये बाहेर." चालू! परत आत, परत बाहेर… एकदा बघून ह्यांचं समाधान व्हतंय का? लॅबचं लॅबमध्ये ठेवतील तर शपथ! शेवटी चष्मा पुसत म्हणतात, "औषधाचा असर न्हाई. आमच्या पोरीचा हाय." दुर्गाबाई अशा हसल्या, अशा हसल्या की ठसका लागला. तिथंच साखरपुडा ठरला!

पाव्हणे गेल्यावर मी लाडात येऊन ह्यांना चहा दिला. म्हणलं, "अहो, मला बघून तुमचा हात कधी थरथरला का हो?" कपातला एक थेंब हलला न्हाई, बघा! फुंकर मारत म्हणतात, "रोजचा डोस असला की सवय व्हती, साधना. लक्षणं दिसत न्हाईत. म्हंजे असर न्हाई असं न्हाई."

दिला अजून अर्धा कप!