एक आरामखुर्ची, एक सासरे

बायको : मी वाचते, तुम्ही फक्त होय किंवा नाही म्हणा. "दोन पडदे, पिवळे." माझे?

एजंट : होय. पण तू आधी बस तरी. प्रवासातून थेट इकडेच आलीस…

बायको : घरी बसायला काही ठेवलंयत? पंधरा दिवस बहिणीकडे काय गेले, परत येऊन दार उघडते तर माझाच आवाज घुमून मला परत ऐकू येतोय. स्वयंपाकघरात तुमची ही वही सापडली, त्यात या विकाऊ घराचा पत्ता. "एक उभा दिवा. एक गालिचा, डाग खुर्चीखाली घेणे." डाग खुर्चीखाली घेणे!

एजंट : गिऱ्हाइकाला डाग कशाला दाखवायचा?

बायको : "एक किटली. एक आरामखुर्ची." आणि त्याच्याखाली, चांगल्या वळणदार अक्षरात, "एक सासरे, स्थिती उत्तम." अहो, माझ्या बापाला तुम्ही किटलीच्या खाली लिहिलंत?

एजंट : सामान ज्या क्रमानं आलं, त्या क्रमानं लिहिलंय.

सासरे : स्थिती उत्तम लिहिलंय ना? मग राहू दे, चिमे. आपला डॉक्टर 'बरी आहे'च्या पुढं कधी गेला नाही.

बायको : बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्ही यादीत आहात.

एजंट : अगं, ऐकून तर घे. हा आमचा हंगाम. वसंत आला की झाडांना पालवी फुटते आणि माणसांना पाय फुटतात. ज्याला त्याला घर बदलायचं असतं. पण रिकामं घर कुणी घेत नाही. येतात, भिंतीवर टकटक करतात, नळ सोडून बघतात, पाच मिनिटांत खाली. घरात कुणीतरी राहतंय असं दिसलं पाहिजे. म्हणून आधी पडदे आणले. मग दिवा. मग बाबा म्हणाले, मीही येतो, तेवढाच बदल.

सासरे : आणि माझ्या पहिल्याच दिवशी माणसं तासभर बसली. एक तास! चहा झाला दोनदा.

बायको : माझ्या किटलीत.

सासरे : किटली चांगली आहे. तिचंही नाव झालं.

बायको : बरं, झालं तुमचं नाटक. आता माझा बाप द्या, खुर्ची द्या, रिक्षा खाली उभी आहे.

एजंट : पाच वाजेपर्यंत थांब. हात जोडतो. मालकानं उद्यापर्यंतची मुदत दिलीय. उद्या माझी पाटी उतरणार आणि त्या कोटवाल्या दलालाची लागणार. एवढ्या उन्हात कोट घालून फिरतो तो, आणि लोक त्याच्याकडून घरं घेतात! गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, पक्कं. दाताची डॉक्टर आहे बाई, नवरा सतार शिकवतो. घर आवडलंय. सगळं आवडलंय. आणि सकाळी फोन, की घेत नाही.

बायको : का?

एजंट : विचार तुझ्या वडिलांना.

सासरे : मला काय विचारायचं? मी नुसता बसलो होतो. तिनंच विचारलं, आजोबा, किती वर्षं आहात इथं? आता खुर्चीत टेकलेल्या माणसानं काय सांगावं, सव्वा तास? मी म्हटलं, चाळीस वर्षं.

बायको : बाबा!

सासरे : मग तिनं विचारलं, पाणी कसं आहे. म्हटलं, धार अशी की एकदा पाहुणा तोंड धुवायला वाकला आणि त्याची टोपी समोरच्या गच्चीत सापडली. वारा विचारला. म्हटलं, खिडकी उघडून पेपर घेऊन बसा, पानं आपोआप उलटतात. निधनवार्तांचं पान मात्र तो सावकाश उलटतो, वयाचा मान राखून.

एजंट : मी यांना फक्त "वारा छान येतो" एवढंच म्हणायला सांगितलं होतं. तीन शब्द! मी वीस वर्षं या धंद्यात आहे, थोडं वाढवून मीही सांगतो. पण माझ्या हॉलला चार फुटांहून जास्त कधी वाढवलं नाही.

सासरे : शांतता आहे का, असं त्या सतारवाल्यानं विचारलं. म्हटलं, इतकी शांत खोली की माझी बायको मनात काय म्हणतेय ते मला ऐकू यायचं. मग मी आधीच चपला घालून बाहेर पडायचो.

बायको : आईनं या घरात कधी पाऊलही टाकलं नाही.

सासरे : ठाऊक आहे गं. म्हणून तर आणली. ती त्या दाराशी उभी राहायची, असं सांगितलं. उजेड तिथं बरा पडतो.

एजंट : आणि ते ऐकून सतारवाला रडला. रात्रभर झोपला नाही म्हणे. सकाळी बाईचा फोन, "चाळीस वर्षांच्या संसारातून म्हाताऱ्या माणसाला उठवून आम्ही तिथं सतार वाजवायची? आमच्यानं होणार नाही." पाच वाजता त्या कोटवाल्याचं घर बघायला चाललेत. तिथं कुणी म्हातारा नाही.

बायको : मग खरं सांगून टाका.

एजंट : मी सांगितलं तर त्यांना वाटेल, दलाल आहे, म्हाताऱ्याला गप्प करून बोलतोय. सांगितलं तर यांनीच सांगायला हवं. अकरा वाजल्यापासून मागं लागलोय. हे खुर्चीतून हलत नाहीत.

सासरे : हलतो कसला? या खिडकीतून तो सलूनवाला बघ समोर. सकाळपासून सात डोकी झाली. पाचव्याला घाई होती, त्याचा एक कल्ला वर राहिलाय, त्याला अजून पत्ता नाही. परत येईल तो. तेवढं बघायचंय.

बायको : सलून बघायला तुम्ही रोज इथं येता?

सासरे : घरी माझ्यासमोर फ्रीज आहे, चिमे. उघडतो, मिटतो. वाईट नाही तो. पण गोष्ट काही पुढं सरकत नाही.

एजंट : मी सांगतो ना गिऱ्हाइकांना, खिडकी म्हणजे घराचे डोळे. माणूस आत आला की आधी खिडकीशी जातो. भिंतीचा रंग नंतर.

बायको : आणि आपल्या घराचे डोळे? बाहेरच्या खोलीत पूर्वेची खिडकी होती ना एक? अकरा वर्षं झाली, तिच्यासमोर तुमचं कपाट उभं आहे. वीस वसंतांच्या वह्या, गंजलेल्या पाट्या, कुठल्या कुलपाच्या ते देवाला माहीत अशा किल्ल्या.

एजंट : ते… दुसरीकडे जागा कुठं होती?

बायको : सगळ्या गावाला जागा दाखवत फिरता.

एजंट : पावणेचार झाले. बाबा, एक फोन. तुमच्या पाया पडतो.

सासरे : पाया नको, गुडघा दुखतोय. लाव.

(फोन लागतो. सासरे कवळी नीट बसवतात आणि खुर्चीत ताठ होतात.)

सासरे : हॅलो, डॉक्टरीणबाई? मी, खुर्चीतला… हो हो, कवळी छान बसलीय, तुम्ही सांगितल्यापासून तर जास्तच. ऐका, मी तुमच्याशी खोटं बोललो. हे घर माझं नाही… चाळीस वर्षं नव्हे, अकरा दिवस. तेही फक्त दिवसा… नाही, नाही, मला कुणी पढवलं नाही. जावयाला एवढं सुचत नाही.

एजंट : (हळूच) असू दे, असू दे.

सासरे : टोपी? नाही हो. धार चांगली आहे, पण टोपी उडेल अशी नाही… वारा मात्र खरा. पेपर हातानंच उलटावा लागतो, पण वारा खरा… बायको? ती होती. तिचं सगळं खरं. फक्त दार दुसरं होतं… मी ना? मी मुलीकडे असतो. अहो, मजेत! मोठी खिडकी आहे तिथं, हिच्याहून मोठी. सकाळी ऊन सरळ पांघरुणावर येतं, मला उठवायला दुसरं कुणी लागत नाही. खाली रस्ता, माणसांची ये-जा, दिवस कसा जातो कळत नाही. मुलगीच खुर्ची लावून देते खिडकीशी. माझी काळजी करू नका. सुखानं वाजवा सतार… बरं. बरं. सांगतो.

एजंट : काय? काय म्हणाली?

सासरे : घेतायत. चार वाजता येतायत. म्हणाली, घरातला माणूसही एवढं खरं सांगत नाही.

एजंट : झालं! बाबा, झालं! त्या कोटवाल्याचा कोट आता… अगं, तू काहीतरी बोल ना. विकलं गेलं!

बायको : रिक्षावाल्याला सांगून येते, थांब म्हणून. एका फेरीत सगळं जाईल का हो?

एजंट : पडदे, दिवा जाईल. खुर्ची टपावर बांधू.

बायको : आणि ते कपाट हलवायला किती माणसं लागतील?

एजंट : कुठलं… ते? भरलेलं आहे गं. तीन तरी.

सासरे : आहोत की तीन.

बायको : तुम्ही नुसता हात लावायचा, बाबा. गुडघा आहे.

सासरे : पण त्या खिडकीतून दिसतं काय?

एजंट : खरं सांगू? आठवत नाही.

बायको : मलाही नाही.

सासरे : बरं. मग मी बघून सांगेन तुम्हाला.