मुशीचं तेल

यमुना : जॅकवर चढवलीस ना गाडी, मग आता काय ते करून उतरव झटकन. एवढं वाकून वाकून बघतोयस काय, महिपत?

महिपत : काकी, चाक हलवून बघतोय. हे बघा, वरून धरून हलवलं की कसं डुगडुगतं! म्हणजे आतली किंगपिन गेली. पुढचं चाक ज्या जाड खिळ्यावर वळतं ना, तो खिळा.

यमुना : मग नवा ठोक. संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे आम्हाला.

महिपत : ठोक काय, ठोक! ह्या पिकअपची पिन रत्नागिरीत कुठं मिळतेय? जुनं मॉडेल. कोल्हापूरला सांगावं लागेल. पिना, बुश, स्टिअरिंगच्या दांड्याचे बॉल... वर स्प्रिंगच्या पाट्यातलं एक पान पण मोडलंय. आठवडा तरी धरा.

यमुना : आठवडा? अरे, परवा पौर्णिमा आली!

महिपत : नारळी पौर्णिमेचं आणि गाडीचं काय?

विठू : काय नाय रे. ती आपली बोलते. तू पिन काढ.

यमुना : का काय नाय? सांगा ना त्याला! एकदा नारळ पडला दर्यात की होड्या निघणार. मिरकरवाड्यातला आत्माराम शेठ रोज उठून घरी येतोय, लाँच हाकायला तांडेल पाहिजे म्हणून. ही गाडी बंद पडून राहिली की हे निघाले. माझा जीव सकाळपासून टांगणीला लागलाय.

विठू : मी हो म्हटलंय त्याला?

यमुना : ‘नाय’ पण नाय म्हटलंत. ‘बघू’ म्हणालात. तुमचं ‘बघू’ मला चांगलं ठाऊक हाय. आणि एका जागी बसा बघू आधी! आल्यापासून दारात जाता नि दर्याकडं तोंड करून उभे राहता.

विठू : वारा बघतो गो. बसून पाय आखडले.

महिपत : काका, तुम्ही असे इकडं या. स्टिअरिंग फिरवा जरा. अजून... अजून... बघितलंत? अर्धा फेरा फिरला तरी चाक जागचं हललं नाय. चालवताना कळलं कसं नाय तुम्हाला?

विठू : त्यात काय कळायचं? सुकाण हातात थोडं खेळायलाच पाहिजे. घट्ट सुकाण लाटेत झटका देतं, खांदा उखडतो माणसाचा.

महिपत : च्यायला! काका, ही गाडी हाय. डांबरावर कुठली लाट आणलीत?

विठू : ओढायची जरा डावीकडं. मी आपली उजवीकडं धरून ठेवायचो. आडवा वारा असला की होडी तश्शीच ओढते.

यमुना : हे मला कधी बोलला नाहीत.

विठू : आडवा वारा आला की बोलायचो काय कधी?

महिपत : व्हा बाजूला दोघं. घण मारतो.

(घणाचे घाव. थोड्या वेळानं लोखंड जमिनीवर पडल्याचा आवाज.)

महिपत : आता हे काय? ग्रीसच्या जागी हे काळं डिंकासारखं काय भरलंय? मासळीचा वास मारतोय!

विठू : मुशीचं तेल. मी घालतो. खालून फासतो, जिथं भोक दिसेल तिथं सोडतो. माझ्या होडीला कायम तेच लावलं, एक फळी कुजली नाय.

महिपत : अहो, ते लाकडाला! लाकूड तेल पितं. लोखंडात ते सुकलं, त्याचा झाला गोंद, त्यात तुमच्या पुळणीची वाळू बसली. ग्रीस जायची वाटच बंद. पिन वाळूवर घासतेय सारखी. बघा, अंगठ्याहून जाड असते ती मधे करंगळीएवढी राहिलीय.

यमुना : तुटली असती तर?

महिपत : जाऊ द्या ना काकी.

यमुना : सांग तू.

महिपत : चाक आडवं झालं असतं. मग वळण कुठलं, त्यावर पुढचं.

यमुना : काल अंजणारीचा घाट उतरलो आम्ही. भर पावसात, मागं सुकटीच्या गोणी घेऊन. आणि मी ह्यांच्या शेजारी बसून खुशाल डुलक्या काढत होते! तुम्हाला ही गाडी नकोच होती. मी होडी विकायला लावली, त्याचा राग काढलात ना हिच्यावर?

विठू : राग असता तर तेल लावलं असतं? तेही विकतचं नाय. मुशीचं काळीज परसात कढवत बसायचो, आणि तू नाकाला पदर लावून शिव्या द्यायचीस. ते कुणासाठी होतं?

महिपत : जपून जपून मारलंत बिचारीला.

यमुना : तू गप रे... खरंच हो, मला वाटायचं, होडीची आठवण येते म्हणून कढवत बसता.

विठू : तू म्हणालीस, आता हीच आपली होडी. म्हणून तशी ठेवली.

यमुना : माझा बाप दर्यात गेला. तुम्हाला जमिनीवर आणलं तेव्हा म्हटलं, सुटले बाई. आता रात्री वारा सुटला तरी कूस बदलून झोपेन.

विठू : चुकलं कुठं त्यात?

यमुना : चुकलं ना! ढगाचा एवढासा तुकडा बघून तुम्ही होडी फिरवून आणायचात. बाकीचे हसायचे, आणि मग तेच भिजत, धापा टाकत यायचे मागून. तिथं तुम्हाला सगळं कळतं. इथं चाक बोंबलत होतं तर म्हणे आडवा वारा!

महिपत : मग काय ठरवताय? कोल्हापूरला सांगू ना?

यमुना : सांग. येऊ देत पिना सावकाश. गाडी आमचा सदू चालवील, माझा भाऊ. एस.टी. चालवून चालवून त्याचा हात बसलाय.

विठू : आणि मी?

यमुना : आत्माराम शेठला हो म्हणा.

विठू : यमुने, रागानं बोलू नकोस.

यमुना : भीतीनं बोलते. भीती दोन्हीकडं हाय. पण तिथं काय येतंय ते तुम्हाला आधी कळतं.

विठू : आणि तू गो?

यमुना : माझं काय! बघेन वाट. सवय मोडली होती, लागेल परत.