साडेनऊला चाकण!

नाही पण मला सांगा, चिखलात रुतलेल्या गाडीला धक्का लागतो की व्याख्यान? तुम्हाला सांगते, पुनावळ्यात त्या बांधकामाशेजारच्या कच्च्या रस्त्यात आमचे प्रज्वलराव ‘शॉर्टकट’ म्हणून घुसले आणि नवी कोरी गाडी चिखलात! आणि मला साडेनऊला चाकणला पोचायचं! सुपरवायझरचा इंटरव्ह्यू, इतकी वर्षं कंपनीत लाइनवर उभी राहून कुठे बोलावणं आलेलं…

“घाबरू नकोस,” नवरोबा म्हणाले, “ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, ऑटोमॅटिक! एरवी पुढचीच चाकं ओढतात, ती घसरली की मागची आपोआप जोर लावतात.” आपोआप! पुढची गरागरा फिरतायत, मागची लग्नातल्या पाहुण्यांसारखी ढिम्म…

जमली गर्दी. आपल्याकडे गर्दी म्हणजे कोण, सगळे कंपनीवालेच! एक प्रीतमभाऊ, सेन्सरच्या कंपनीतले. “ताई, प्रत्येक चाकाला आमचा सेन्सर. चाक घसरलं की कॉम्प्युटरला कळवतो. आमच्याकडून कळवलं गेलेलं आहे!” म्हणजे पुढचं आमच्याकडे नाही! दुसरे नदीमभाई, क्लच बनवणारे. “मॅडम, कॉम्प्युटरनं सांगितलं की आमच्या क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट दाबून धरतात, मग इंजिनाचा जोर मागे जातो. पण तो जोर मागच्या चाकांना नेणारा शाफ्टच फिरला नाही तर क्लच काय करणार?” झालं! तिसरा उसळला, शाफ्टवाला, इथलाच गाववाला. “आमच्या शाफ्टला नावं ठेवायची न्हाईत हां!” अहो, भांडता काय, ढकला! मला साडेनऊला चाकणला पोचायचं!

बरं, चाक जरा फिरलं की तिघं ओरडणार, “बास बास बास!” की आमच्या यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलाच! मागच्या चाकांपर्यंत जोर जाईल कसा? शेवटी हेही उतरले, चौघं वाकून गाडीखाली बघत चर्चा… रडूच येत होतं मला. म्हटलं, गेला इंटरव्ह्यू!

मग मीच ओरडले, “बाजूला व्हा सगळे!” सरकले स्टिअरिंगपाशी, पाय दाबला आणि दाबूनच ठेवला. पुढची घसरली… घसरली… मागून एक हिसका, आणि गाडी बाहेर! आरशात चौघं, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. थांबले नाही. थांबले असते तर गाडी का निघाली ते चौघांनी समजावलं असतं ना!

पोचले. झाली हो निवड! पहिल्याच दिवशी नव्या लाइनवर गेले, समोर कोण? नदीमभाई! म्हटलं, चिखलाबद्दल सॉरी म्हणावं… तर ते अख्ख्या लाइनला सांगतायत, “याच त्या मॅडम! आपल्या क्लचनं बाहेर काढलेल्या!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या… मीही वाजवल्या.