सासूबाईंची कोंबडी

कोरियातल्या जोंजू शहराच्या इस्पितळात स्कॅनसाठी बसलो होतो. शेजारी बसलेल्या ग्वाक काका-काकूंजवळ नर्स आली.

“काका, रक्तात क्रिएटिनिन वाढलंय. आज स्कॅनसाठी शिरेतून डाय दिला तर किडनीला इजा होऊ शकते. काल मांस खाल्लंत? त्यानंही वाढतं.”

“छे! मी नुसती पेज दिली,” काकू म्हणाल्या.

“अगं... तुझ्या आईकडे गेलो होतो. जावई आला म्हणून त्यांनी अंडी देणारी कोंबडी कापली.”

“आणि अख्खी खाल्लीत?”

“नको म्हटलं असतं तर रडल्या असत्या.”

“मला फोनवर म्हणाली, कोंबडी पळाली!”

“दोन दिवस मांस बंद. मग पुन्हा रक्त बघू,” नर्स हसत गेली.

“अगं, किडनी खरंच बिघडली असली तर?”

“तर माझी एक घ्या. पण पुढच्या कोंबडीची तंगडी माझी.”