मागे सरकण्याचा व्यायाम

मंगळवार. सकाळी दाट धुकं होतं, नाहीतर हा घोळ झालाच नसता.

म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊ नये म्हणून नर्सबाई समाजमंदिरासमोर ताई-ची नावाचा संथ व्यायाम शिकवतात. मी आईला घेऊन जातो. त्या दिवशी झुडपांकडे तोंड करून, तळवे पुढे धरून, सगळे एकेक पाऊल मागे सरकत होते. तेवढ्यात तळ्यावरून गंगारामभाऊ बाजारासाठी मासे घेऊन आला. आमच्याकडे वाघ समोर आला की माणूस असाच मागे सरकतो, पाठ दाखवत नाही. त्यानं टोपली हळूच खाली ठेवली आणि तोही आमच्या ओळीत शिरला.

"कुठी आहे?" तो पुटपुटला.

"कोन?" आईनं विचारलं.

"वाघ!"

"अव माय! वाघ आहे?"

"मले काय इचारता बाई? तुम्हीच तं पाहून राह्यल्या!"

नर्सबाईंचाही चेहरा उतरला. "थांबू नका, मागेच चला," त्या म्हणाल्या. आता हा व्यायाम की वाघ, हे मला कळेना, आणि विचारायला कोणी मान वळवेना.

आम्ही सगळे उलट्या पावलांनी समाजमंदिरात शिरलो आणि दार लावून घेतलं.

वाघ नव्हता. पायरी चढतानाही कोणी पडलं नाही. मासे कुत्र्यानं खाल्ले.